नूरीची ओळ

मृणालिनीने ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, या मुलींना सर्दी झालेली दिसते.

कतारमध्ये अल खोरहून दोह्याला जाताना लेकीने, रुचाने, ते गाडीत लावलं होतं. इंग्लंडातल्या तीन मुलींचा 'कॉपर लेन' नावाचा ग्रुप होता आणि त्यांच्या या गाण्याने त्या हिवाळ्यात नुसता उच्छाद मांडला होता. मॉलमध्ये तेच, पार्लरमध्ये तेच, दाताच्या डॉक्टरकडे आ वासून बसलं तरी तेच. दाटलेले आवाज, आळसावलेला ठेका, आणि गाणारी कुणाला तरी विनवते आहे की जायचंच तर जा बाबा, पण जरा सावकाश जा. याला सोल म्हणतात, असं रुचाने सांगितलं. मृणालिनीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कारण गाणं अर्ध्यावर बंद करणं तिला शिकवलेलं नव्हतं. मग तिने निकाल दिला.

"सुरात आहेत. पण घसा मोकळा करून गा म्हणावं."

रुचाने आवाज वाढवला.

असे निकाल देण्याचा मृणालिनीला हक्क होता, निदान अल खोरमध्ये तरी. मिरजेत दत्तोपंतांकडे ती वर्षानुवर्षं गाणं शिकली होती. लग्न करून अभिजितबरोबर कतारला आली, तो रास लफानच्या गॅस प्लांटवर आणि ही कंपनीच्या कॉलनीतल्या घरात. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळात गाणं म्हटलं की मृणालिनीवहिनी, हे ठरूनच गेलं होतं. गणपतीत ती, दिवाळी पहाटेला ती, कुणी कायमचं परत निघालं की निरोपाच्या जेवणातही तीच. लोक आग्रह करत, ती थोडे आढेवेढे घेई, आणि एकदा सुरू झाली की थांबत नसे.

मृणालिनीच्या गाण्याला एकच मुलगी बधली नव्हती, आणि ती नेमकी तिच्या पोटची होती. रुचा लहानपणी आईकडेच शिकली. बारा वर्षांची झाली आणि एके दिवशी "मला आता नको" म्हणून उठून गेली. तेव्हापासून ती आईसमोर गात नसे. मराठी सगळं कळे, उत्तर अर्ध्या इंग्रजीत येई, आणि गाणं बंद दाराआड. आता शाळेचं शेवटचं वर्ष चालू होतं. ऑगस्टमध्ये ती शिकायला नेदरलँड्सला जाणार होती. जाण्यापूर्वी एकदा तरी या पोरीने आपल्याला तिच्या गाण्यात घ्यावं, एवढी एकच गोष्ट मृणालिनीला हवी होती, आणि ती मागायची कशी ते तिला कळत नव्हतं.

कॉलनीच्या क्लबवर दर फेब्रुवारीत हिवाळी मेळावा असतो. रुचा, शफा आणि नूरी या तिघी मैत्रिणी त्यात कॉपर लेनचं तेच गाणं गाणार होत्या. शनिवारी दुपारी तिघी रुचाच्या खोलीत शिरत आणि दार लावून घेत. मृणालिनी थालीपिठाची ताटली घेऊन दाराबाहेर उभी राही, थालीपीठ गार होईपर्यंत. उभ्या उभ्या तिने तिघींची परीक्षाही घेऊन टाकली होती. रुचा पास. शफा काठावर. नूरी बिचारी ठार बेसूर. गाणं वर चढलं की ही खाली, गाणं 'सा'वर येऊन विसावलं की ही पंचमावर लोंबकळत. "इतकी गोड मुलगी, पण कान देताना देवाने हात आखडता घेतला," असं तिने अभिजितला सांगितलंसुद्धा.

एकदा नूरी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली तेव्हा मृणालिनीने तिला हळूच बाजूला घेतलं. "बेटा, ऐसे नहीं, ऐसे," म्हणत तिच्याकडून मूळ चाल घोटून घेतली. नूरी लखनौची, फार अदबीची. तिने "जी आंटी" म्हणत सगळं बिनचूक गाऊन दाखवलं, आणि खोलीत जाऊन पुन्हा आपलं बेसूरच गायला लागली. मृणालिनीला तिची कीव आली.

जानेवारीत नूरीच्या वडिलांचं, इरशादभाईंचं, कॉन्ट्रॅक्ट संपलं. नवीन मिळेल, इन्शाल्ला मिळेल, असं ते म्हणत होते, मिळालं नाही. खलास. अशा बातम्या इथे कुणाला नव्या नाहीत. आधी सगळे हळहळतात, मग सोफा कोण घेणार यावर बोलणं येतं. मेळाव्याच्या आधीच त्यांचं घर रिकामं होणार होतं आणि नूरी लखनौला परत जाणार होती.

त्या संध्याकाळी रुचा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मृणालिनी मेथी निवडत होती.

"आई, आम्हाला एक लो व्हॉइस हवाय," रुचा म्हणाली. "शफाचा हाय आहे. स्कूलमध्ये सगळ्यांना विचारलं, बट कुणीच..."

"हो," मृणालिनी म्हणाली.

"मी अजून विचारलं नाहीये."

"मग विचार."

रुचाने अटी घातल्या. तान नाही. हरकत नाही. हाताने हवेत काही काढायचं नाही. गाताना डोळे मिटायचे नाहीत. मृणालिनीने सगळं कबूल केलं, शेवटचं जरा जड गेलं. तिला इतका आनंद झाला होता की मेथीच्या काड्या पातेल्यात आणि पानं कचऱ्यात चालली होती. ते रुचाच्याही लक्षात आलं.

शनिवारी नूरी आपली ओळ, म्हणजे गाण्यातला आपला वाटा, सोपवायला आली. मृणालिनीला पलंगावर मधोमध जागा मिळाली. नूरीने एकटीने गाऊन दाखवलं, आणि ते तेच होतं, नेहमीचं बेसूर.

"बेटा, ये तो गाने में है ही नहीं," मृणालिनी शक्य तितक्या मायेने म्हणाली.

"है आंटी. नीचे है." नूरीने फोनवर मूळ गाणं लावलं. "अब सिर्फ नीचे सुनिए."

मृणालिनीने कान दिला. रोजचं कान किटवणारं गाणं, आणि त्याच्या तळाशी खरोखरच एक दाट आवाज वेगळ्या वाटेने चालला होता. तिघी तीन निरनिराळे सूर गात होत्या. ते एकमेकांना टोचत नव्हते, उलट धरून होते, आणि खालचा काढून घेतला असता तर वरचे दोन पोरके झाले असते. इतके आठवडे दाराबाहेर उभं राहून तिला हे ऐकू आलं नव्हतं. वर तिने या मुलीला शिकवलंही होतं. तिचे कान तापले.

"माफ करना बेटा. मैं उस दिन तुम्हें..."

"कोई बात नहीं आंटी," नूरी हसून म्हणाली. "अम्मी को भी यही लगता है कि मैं बेसुरी हूँ."

पण कळणं निराळं आणि गाणं निराळं. ती ओळ एकटीने गायला मृणालिनीला काहीच लागलं नाही. चारच सूर, पहिल्या परीक्षेची पोरंही गातील. अडचण होई ती रुचाने चाल धरली की. मृणालिनीचा आवाज खालच्या वाटेवरून निघे आणि नकळत चालीला जाऊन मिळे. मिळणं हेच तर ती आयुष्यभर शिकली होती. दोन आवाजांत नख शिरता कामा नये, असं दत्तोपंत म्हणायचे, आणि इथे या पोरी म्हणत होत्या की लांब राहा. "आंटी, आप फिर ऊपर आ गईं," शफा म्हणे, आणि पुन्हा पहिल्यापासून.

खरा घोळ झाला तो शेवटच्या कडव्याच्या आधी. तिथे गाणं चक्क थांबतं. ठेका नाही, आवाज नाही, तिघी एकदम गप्प. मग एका श्वासानंतर सगळं पुन्हा उठतं. तो थांबा पहिल्यांदा आला आणि मृणालिनीच्या तोंडून एक लांब, मुलायम आलाप निघाला. इतका सहज की संपेपर्यंत तिचं तिलाही कळलं नाही.

तिघी तिच्याकडे बघत राहिल्या.

"आई, तिथे काही नाहीये," रुचा म्हणाली.

"म्हणूनच तर."

हे तिने चेष्टेत म्हटलं नव्हतं. मैफलीत दत्तोपंतांच्या मागे ती तंबोरा घेऊन बसायची. मागे बसणाऱ्या शिष्याचं कामच ते. गुरुजी श्वासाला थांबले, घोटभर पाणी प्यायले, की सूर आपण उचलायचा, जागा रिकामी पडू द्यायची नाही. एकदा तिने पडू दिली होती. गुरुजींनी नुसती मान वळवून पाहिलं, आणि ते पाहणं तिच्या अंगात जे भिनलं ते भिनलंच. तेव्हापासून कुणी थांबलं की ही सुरू होत असे. गाण्यात तर होतच असे, पण खरं सांगायचं तर गाण्याबाहेरही तेच चाले. रुचा शब्द शोधायला अडखळली की आईने तिचं वाक्य पुरं केलेलं असे. पाहुण्यांनी रुचाला काही विचारलं तर उत्तर मृणालिनी देई, आणि वर म्हणे, पोरगी फार अबोल आहे.

दुसऱ्या वेळी ती सावध होती, तरी एक बारीक सूर निसटलाच. तिसऱ्या वेळीही निसटला, आणि रुचाने फोन बंद केला.

"तू जागाच ठेवत नाहीस, आई," ती म्हणाली. ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी हळू बोलत होती. "कुठेच नाही. तुझ्याकडे शिकतानाही हेच व्हायचं. मी थांबले की तू. मला माझा आवाज ऐकूच यायचा नाही. दॅट्स व्हाय आय लेफ्ट." मग ती शफाकडे वळली. "आपण दोघीच करू या."

नूरी पलंगाच्या चादरीवरची फुलं बघत बसली. मृणालिनीने थालीपिठाची रिकामी ताटली उचलली, बाहेर आली आणि दार स्वतःच ओढून घेतलं.

तिला आधी रुचाचा राग आला. मग दत्तोपंतांचा आला, ज्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. पोळ्या लाटून होईपर्यंत तो फिरून फिरून स्वतःवर आला आणि तिथेच बसला. अभिजित कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला, तेव्हा तिने त्याला विचारलं, "खालच्या सुरात राहायचं म्हणजे काय करायचं रे?"

"मला काय विचारतेस? मी लग्न झाल्यापासून तिथेच आहे."

तिला नको असताना हसू आलं. अभिजितने भाजी वाढून घेतली. मग तो ताटाकडे बघत म्हणाला, "रुचाचं जायचं नक्की झाल्यापासून तू घरात सारखी बोलतेस. नाहीतर गातेस. एक मिनिट शांतता नसते. मला वाटतं, तुला भीती वाटते." मृणालिनीने त्याला आणखी एक पोळी वाढली, त्याने मागितली नव्हती तरी.

दुसऱ्या दिवशी रियाजाला बसताना तिने नेहमीसारखं फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप लावलं आणि तोंड उघडलंच नाही. नुसती ऐकत बसली. कित्येक वर्षांत तिने तंबोरा ऐकला नव्हता, फक्त वापरला होता. गुरुजी तार सप्तकात जावोत, अडकोत, खोकोत, तंबोरा काही त्यांच्या मदतीला धावला नाही. तो आपल्या जागी राहिला, आणि म्हणून गुरुजींना परत यायला जागा राहिली. त्यांच्या मागे बसून ती दोन कामं करत होती, एक गळ्याचं आणि एक बोटांचं. गळ्याची वाहवा होई. बोटांची कुणी केली नव्हती आणि तिलाही कधी सुचली नव्हती.

ताजी भाजी घ्यायला ती उम्म सलाल मोहम्मदला जायची, तिथल्या मळ्याच्या दुकानात. आता त्या वाटेवर ती गाडीत ते गाणं लावू लागली आणि नूरीची ओळ म्हणू लागली. सुरुवातीला प्रत्येक सिग्नलला ती वर चढे. थांबा जवळ आला की ओठ दातांत धरी. शेजारच्या पिकअपमधल्या माणसाने एकदा काच खाली करून, सगळं ठीक आहे ना, असं खुणेने विचारलं. पुढे पुढे मात्र आवाज आपल्या वाटेवर राहायला शिकला. एका सकाळी परतताना मागच्या सीटवर पालक आणि मुळे घेऊन तिने अख्खं गाणं तळाशी राहून पार पाडलं. थांबा आला तेव्हा तिला फक्त टायरांचा आवाज ऐकू आला. तो तसाच राहू द्यायला तिला आवडलं, याचं तिलाच नवल वाटलं.

नूरी गेली. रुचा तिला विमानतळावर सोडून आली. तिसऱ्या दिवशी मायलेकी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, दोरीच्या अल्याडपल्याड, मध्ये अभिजितची चादर. रुचा नकळत ती चाल गुणगुणू लागली. मृणालिनीने चादरीच्या अलीकडून खालची ओळ धरली, अगदी हलक्या आवाजात.

रुचाचा सूर जरा हलला. मग चालू राहिला. दोघी कपडे झटकत, चिमटे लावत कडव्यापाठोपाठ कडवं गात गेल्या आणि थांब्याशी आल्या. रुचाने तो मुद्दामच लांबवला, एका श्वासाचा चार श्वासांचा केला. मृणालिनी हातात ओला टॉवेल घेऊन उभी राहिली. तिच्या घशात किती काय काय येऊन गेलं, पण तिने काही बाहेर सोडलं नाही. मग पलीकडून शेवटचं कडवं उठलं आणि ती त्याच्या खाली गेली.

गाणं संपल्यावर रुचाचा हात चादरीच्या कडेवरून आला आणि दोन चिमटे घेऊन गेला.

"शनिवारी ये," ती म्हणाली.

"टॉवेल नीट झटकून घाल," मृणालिनी म्हणाली, कारण काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

मेळाव्याच्या संध्याकाळी क्लबच्या हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या आणि समुद्राकडून बोचरा वारा येत होता. मंडळाचे रंगनाथकाका शाल पांघरून पहिल्या रांगेत बसले होते. आज आपल्या वहिनी इंग्रजी गाणार, असं त्यांनी सगळ्या रांगेला सांगून ठेवलं होतं. रुचा मधोमध उभी राहिली, शफा उजवीकडे, मृणालिनी डावीकडे, जरा मागे. तिघींनी काळे कुर्ते घातले होते. स्पीकरवर ठेका सुरू झाला.

पहिलं कडवं छान गेलं. रुचाचा आवाज मृणालिनीने इतक्या जवळून पाच वर्षांत ऐकला नव्हता. तो बदलला होता, जाड झाला होता, त्याच्या कडा जरा खरबरीत झाल्या होत्या, आणि ती खर तिला आवडली. दुसरं कडवं लागलं. तेवढ्यात पहिल्या रांगेत शफाच्या आईने फोन उंच धरला. व्हिडिओ कॉलवर लखनौहून नूरी होती, स्वेटर घातलेली, ओठांनी आपली जुनी ओळ म्हणणारी.

रुचाने ते पाहिलं, आणि ती गाता गाता मध्येच थांबली.

ठेका चालू राहिला. त्यावर चाल नव्हती. शफाने घाबरून रुचाकडे पाहिलं आणि तीही गप्प झाली. राहिली ती फक्त खालची ओळ, चार सुरांची, एकटी ऐकली तर कुणालाही बेसूर वाटेल अशी. रंगनाथकाका खुर्चीत पुढे सरकले. रुचाने मान वळवून आईकडे पाहिलं. डोळे भरलेले होते आणि ओठ स्पष्ट हलले: आई, तू घे.

मृणालिनीला त्या गाण्याचा शब्द न् शब्द पाठ होता. घ्यायला एक श्वास पुरला असता. सगळ्या हिरवळीने सुटकेचा निःश्वास टाकला असता, टाळ्या पडल्या असत्या, आणि मागितलं होतं तर खुद्द लेकीनेच. पायांपासून वर सगळं अंग चालीकडे ओढ घेत होतं. तिने मुलीच्या डोळ्यांत पाहिलं आणि आपली ओळ गात राहिली. आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. असं उभं राहणं इतकं दुखेल हे तिला माहीत नव्हतं.

रुचाच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास आला, मग सरळ सरळ राग. मग तिने डोळे मिटून घेतले. ती ऐकत होती. आणि ओळीच्या अध्येमध्ये कुठूनतरी, ओल्या, फाटक्या आवाजात ती शिरली. शब्द इकडचे तिकडे झाले होते, पण सूर जिथे पडायला हवा तिथेच पडला. शफाचा सूर लगेच तिच्या वर जाऊन उभा राहिला. शेवटच्या कडव्याआधी गाणं थांबलं, आणि हिरवळीवर कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही.

नंतर चहाच्या टेबलापाशी रंगनाथकाकांनी मृणालिनीला गाठलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"वहिनी, तुमचा आवाज काही आलाच नाही हो. माइक खराब होता का?"

"नाही काका, माइक चांगला होता."

अभिजित ओळखीच्या लोकांत रेंगाळला म्हणून मायलेकी दोघीच चालत घरी निघाल्या. कॉलनीचे रस्ते रिकामे होते. रुचाने कुर्त्यावर वडिलांचं जॅकेट घातलं होतं.

"मी तुला सांगत होते," ती म्हणाली. "घे म्हणून."

"दिसलं मला."

"मग?"

"तुला येत होतं ते."

"मला तुझा इतका राग आला होता."

"तेही दिसलं."

 दोघी पार्क ओलांडून गेल्या. मृणालिनीच्या जिभेवर कितीतरी वाक्यं येऊन रांगेत उभी होती: छान गायलीस, थंडी वाजते का, नूरीला फोन कर. तिने एकही सोडलं नाही. घराचं फाटक दिसू लागलं तेव्हा रुचाने तिचा हात धरला.

"तिकडे गेले ना, की मी कधी कधी फोन करेन आणि काहीच बोलणार नाही," ती म्हणाली. "तूही बोलू नकोस. पण फोन ठेवू नकोस."

"बरं," मृणालिनी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि अजून पुष्कळ बोलायचं होतं. पण रुचा फाटकाशी तिचा हात धरून तशीच थांबली होती, म्हणून तीही थांबली.